दुसरी नळी

१

ऑफिस सुटलं की मी सरळ खोलीवर जायची नाही. खोलीच्या खालीच वीरण्णांचं कोल्ड्रिंक हाऊस होतं. आधी तिथं बसायचं, एक ग्लास मागायचा, तो जितका पुरवता येईल तितका पुरवायचा आणि मग जिना चढायचा. दिवसभरात माझ्याशी धड बोलणारं माणूस म्हणजे वीरण्णा. तेही काय, "अननस का मोसंबी?" एवढंच. पण त्या तीन शब्दांसाठी मी जायची.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. मी टंचाई शाखेत टायपिस्ट होते. गावाचं नाव, माणसांचा आकडा, टँकरच्या खेपा. हे टाइप करता करता जीभ टाळूला चिकटायची, कारण शाखेतला माठ बारा वाजताच कोरडा पडायचा. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. माझं गाव पार बिलोलीकडं, नांदेडच्याही पुढं. रोज येणं-जाणं अशक्य. खोली सुटली तर नोकरी सुटली, आणि नोकरी सुटली तर मी परत गावात, हे मला झोपेतही माहीत होतं.

कारण ती खोली कशी मिळाली ते मी विसरले नव्हते. नवा जिल्हा, सगळी घरं साहेब लोकांनी भरलेली. त्यात मी एकटी मुलगी. त्यात माझं आडनाव. आडनाव सांगितलं की घरमालकाला एकदम आठवायचं, "अहो, कालच दिली की हो." अशी अकरा घरं झाली. बाराव्या घरी शांतम्मा भेटल्या. वीरण्णांची थोरली भावजय, विधवा, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "पाणी सांडतीस का गं?"

"नाही."

"मग ऱ्हा. आडातून दिसाला दोन घागरी. तिसरी शेंदताना दिसलीस की ट्रंक खाली."

मी स्वभावानं भित्री. मागून कुणी हाक मारली तरी हातातली वही पडते. कॉलेजात मुली मला 'दचकी' म्हणायच्या. तेव्हा पुढं जे लिहिते आहे त्यातलं निम्मं तुम्ही माझ्या भित्रेपणावर ढकललंत तरी माझी तक्रार नाही. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते मलाही कळलेलं नाही.

२

वीरण्णा बारा वर्षं मुंबईला समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला होते. तिथं म्हणे आतल्या आत एक खोटं बेट उभारलेलं. बांबूच्या भिंती, गवताचं छत, लाकडात कोरलेली देवांची तोंडं, आणि मंडळी नारळाच्या करवंटीतून रंगीत पेयं पीत बसायची. गावी परतताना वीरण्णा हे सगळं डोक्यात भरून घेऊन आले. बांबू मिळाला. लाकडी तोंड सुताराकडून करून घेतलं. सांगितला समुद्रातला देव, सुतारानं केला म्हसोबा. पेय मात्र जसंच्या तसं. अननस, संत्रं, लिंबू, बदामाचं सरबत, वर जायफळ, खाली ठेचलेला बर्फ. रम तेवढी नाही. "गळ्यात लिंग हाय, हातात रम कशी धरू?" म्हणायचे.

तिथूनच त्यांनी एक कटोरा आणला होता. चिनी मातीचा, लहान परातीएवढा. चौघांनी चार लांब नळ्या घालून त्यातून एकदम प्यायचं. लातुरात तो कटोरा चालला नाही. कोण कुणाचं उष्टं पिणार? "नवराबायकोबी पीत न्हाईत ओ," वीरण्णा सांगायचे, "एकमेकाकडं बघतेत आन् दोन ग्लास मागतेत." कटोरा फडताळात वर चढला तो चढलाच.

मे महिन्यातला मंगळवार होता. मी गेले तर मोरीत उष्ट्या ग्लासांचा ढीग, त्यावर माश्या.

"बाई, आज काय जमत न्हाई. धुयाला पाणी न्हाई."

मी जायला वळले. पण माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं. वीरण्णांनी स्टूल ओढलं, फडताळातून कटोरा काढला, कोरड्या फडक्यानं पुसला. अर्ध्याहून थोडा भरला आणि त्यात दोन नळ्या टाकल्या. एक माझ्याकडं वळवून, एक समोरच्या खुर्चीकडं.

"एकच पुरे की."

"ह्याच्यात एक टाकत न्हाईत. तिथला नेम हाय."

"का पण?"

"नेम म्हंजे नेम. तुम्ही ऑफिसात एका कागदाच्या तीन प्रती काढताव, का म्हणून इचारताव का?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. वीरण्णा बर्फ ठेचायला मागं गेले. दुकानात मी एकटीच उरले. मी नळी ओठाजवळ नेली आणि तेवढ्यात समोरची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं डोळ्याच्या कोपऱ्यात वाटलं. मी वर न बघता म्हटलं, "या, घ्या."

आमच्याकडं असं म्हणतातच. भाकरीचं फडकं सोडून बसलेलं असताना वाटेनं कुणीही दिसलं तरी "या जेवायला" म्हणायचं. समोरचा "हूं द्या, हूं द्या" म्हणतो आणि पुढं निघून जातो. बोलावणं खोटं नसतं, पण नकार येणार हे दोघांनाही ठाऊक असतं. लहानपणापासून जिभेला इतकं वळण पडलेलं की शब्द आपोआप जातात.

"हूं द्या" आलं नाही.

मी वर बघितलं. खुर्ची रिकामी होती. टेबलापासून जरा मागं सरकलेली, माणूस बसायला लागते तेवढी.

आणि दुसऱ्या नळीत रंग चढत होता.

नळ्या पांढरट, आरपार दिसणाऱ्या. मी माझ्या नळीतून अजून एक थेंब ओढला नव्हता. मी बी.एस्सी. आहे. बारीक नळीत द्रव आपसूक चढतो, त्याला केशाकर्षण म्हणतात, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलेलं. पण तो चढतो बोटभर. हे वीतभर चढलं, नळीच्या तोंडाशी पोचलं, तिथं थोडा वेळ राहिलं. मग सर्रकन खाली आलं. पिणारं माणूस श्वास घ्यायला थांबतं तसं. आणि पुन्हा चढायला लागलं.

मी उठून पळायला हवं होतं. खरं सांगते, मी बसून राहिले. लातुरात येऊन सात महिने झाले होते, आणि सात महिन्यांत माझ्यासमोर बसून कुणी घोटभर काही प्यायलं नव्हतं.

मग मीही प्याले. त्याच कटोऱ्यातून.

३

खोलीत दोन घागरी यायच्या. एक माठात ओतायची, एक वापरायला. बुधवारी सकाळी माठ अर्धा होता. मला वाटलं, पाझरतोय. खाली परात ठेवली. संध्याकाळी परात कोरडी आणि माठ तळाला.

उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, हे मी स्वतःला समजावलं. किती होते? मी ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. गणितानं इतकी वाफ होत नव्हती. गुरुवारी माठाच्या आत कोळशानं रेघ मारली, वर झाकण, झाकणावर वरवंटा. खिडकी लावली, दाराला बाहेरून कुलूप घातलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं. आले तेव्हा वरवंटा होता तसाच होता. पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं.

माझ्या ओठांना भेगा पडल्या. ऑफिसात बाजूचे शेषेराव म्हणाले, "काय बाई, टंचाईचं पत्र टाइप करता का टंचाई अंगावर घेता?" सगळे हसले. मीही हसले, तर ओठातून रक्त आलं.

शुक्रवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. गावी जाणं झालं नाही. मी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि खीर केली. वाटीभरच. वाढायला घेतली तेव्हा माझ्यापुढं दोन वाट्या होत्या. दुसरी मीच काढली होती; कधी, ते आठवत नव्हतं. मी ती परत फळीवर ठेवली नाही. तशीच राहू दिली, आणि भिंतीकडं तोंड करून जेवले.

पाठीमागं माठाजवळ आवाज झाला. मोठा नाही. घशातून घोट उतरतो तेव्हा जेवढा होतो तेवढा.

माठात हवेचा बुडबुडा सुटला की असा आवाज येतो. येतो ना? मी वळून बघितलं नाही. बुडबुडाच असेल तर बघायचं काय, आणि नसेल तर अजिबातच बघायचं नव्हतं.

४

सोमवारी मी तिसरी घागर शेंदली. भर संध्याकाळी, शांतम्मा पूजेला बसल्यात असं बघून. घागर अर्ध्यात आली आणि मागून आवाज आला, "फुला."

माझं नाव पंचफुला. शांतम्मा फुला म्हणायच्या. माझ्या हातून दोर सुटला.

"म्हातारी हाय मी, भैरी न्हाई. आडाचं चाक वाजलं की मला कळतंय. कितवी?"

"शांतम्मा, ऊन लई आहे हो..."

"ऊन सगळ्यास्नी हाय. तळ दिसाया लागलाय आडाचा, बघ वाकून." त्या जवळ आल्या. आवाज खाली घेतला. "खरं सांग. वर कुणी बाप्या हाय का?"

"अहो, काय बोलताय!"

"मग दोघांचं पाणी कसं लागून राह्यलंय तुला? अगोदरच भावकी मला नावं ठेवतीया, एकटी पोरगी ठिवली म्हणून. मी म्हणलं, पोरगी सरळ हाय. आन् तू ऑफिसात असतीस तवा वर चालल्याचा आवाज येतोय मला. भर दुपारी. खिडकीपून माठापत्तोर, माठापून खिडकीपत्तोर."

आत्तापर्यंत मी हे सगळं माझ्या एकटीच्या भित्रेपणावर घेत आले होते.

"उंदीर असतील," मी म्हटलं.

"अय्यव्वा! पायानं चालणारा उंदीर. शनवारी मी वर येऊन बघते. दोन घागरीत भागवून दाखव. न्हाई तर ट्रंक बांध. मग म्हणू नगंस, शांतम्मानं सांगितलं न्हाई."

५

दुसऱ्या दिवशी वीरण्णा बर्फ ठेचत होते. मी ग्लास मागितला नाही. उभ्यानंच विचारलं, "त्या कटोऱ्यातल्या दुसऱ्या नळीतून कोण पितं?"

त्यांचा हात थांबला.

"कुणी न्हाई."

"वीरण्णा, माझी खोली जायची वेळ आलीय."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. बर्फावर गोणपाट ओढलं, कडेनं नीट खोचलं, आणि मग माझ्याकडं न बघता विचारलं, "तुम्ही काय बोललाव का? त्या दिशी?"

"या म्हटलं. या, घ्या. सवयीनं."

वीरण्णांनी गोणपाटाची कड पुन्हा खोचली. मग म्हणाले, "आम्ही न्हाई म्हणत. बारा वर्षं मी नळी टाकली आन् तोंड फिरवलं. तिथल्या वस्तादानं येवढंच शिकवलं हुतं, नळी टाकायची, तिकडं बघायचं न्हाई, बोलायचं न्हाई. पुढचं त्यानं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. तिथं कोण कुणाला 'या' म्हणत हुतं, बाई? मुंबई ती."

"मग आता?"

"आता जा म्हणा."

"एवढंच?"

"तुम्ही बोलावलं, तुम्हीच म्हणायचं. दुसऱ्यानं म्हणून कसं चालंल?" आणि मी वळले तसे हळूच म्हणाले, "मला सांगू नका मातर. गेलं का ऱ्हायलं, मला सांगू नका."

६

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारचे साडेबारा. गल्लीत कुत्रं नव्हतं. जिना चढताना मनात घोकत होते: जा. इथून जा. शाखेच्या पत्रात असतं तसं कोरडं म्हणायचं. मान्य करता येत नाही, सबब जा.

माझ्या दाराच्या दोन फळ्यांत बोटभर फट होती. कुलूप काढायच्या आधी मी त्या फटीला डोळा लावला.

आत अंधार. ऊन येऊ नये म्हणून मी खिडकी लावून गेलेली. वरच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची एक काठी तिरपी खाली येऊन माठाशी टेकलेली. त्या उजेडात एक गळा होता.

फक्त गळा. वर हनुवटीपर्यंत, खाली गळ्याच्या खळीपर्यंत. त्यापलीकडं उजेड पोचत नव्हता, किंवा पलीकडं काही नव्हतं. बाईचा गळा, मागं ताणलेला, नदीच्या पात्रातला गाळ वाळून फुटतो तसा भेगाळलेला. गळ्याची घाटी वर जायची, खाली यायची. घोट. मग हनुवटीखाली एक हात आला आणि ओघळलेला थेंब त्यानं झेलला. तोही ओठाकडं गेला.

'जा' म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

माझी आई गुणाबाई अशीच पाणी पिते. तिच्या उमेदीत गावच्या विहिरीपासून लांब उभं राहायचं, ओंजळ करायची, कुणाची मर्जी झाली तर वरून पाणी पडायचं. आता आमच्या वस्तीत हातपंप आहे, घरात स्टीलचे पेले आहेत. तरी ती पिताना दुसरा हात हनुवटीखाली धरते. पुढचा घोट मिळेल याची खात्री नसलेलं माणूस तसंच पितं. मी तिला किती वेळा म्हटलं, आई, सोड की आता ही सवय. ती म्हणते, हाताला सांग.

मी या म्हटलं होतं. तहानलेल्याला आपण होऊन या म्हणायचं आणि तोंडाचं पाणी काढून जा म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. उलट, ते करणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले होते.

शब्द बाहेर आला नाही. मी जिना उतरले आणि उन्हातून परत ऑफिसला गेले. रजा रद्द केली. शेषेरावांनी विचारलं, "बरं वाटेना का?" मी म्हटलं, "तहान लागलीय." ते म्हणाले, "ती सगळ्या जिल्ह्याला लागलीय."

७

शनिवारी सकाळी माठात थेंब नव्हता. घागरही उपडी. आज दोन घागरींत कसं भागलं, हे दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. मी ट्रंक भरली. कपडे, प्रमाणपत्रं, बाबासाहेबांचा फोटो लुगड्यात गुंडाळून. पुन्हा अकरा घरं फिरायचं बळ नव्हतं. संध्याकाळी आईला पत्र टाकायचं, मी येते आहे म्हणून, एवढं ठरवलं. दाराला कुलूप घातलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि कामाला गेले. टंचाई शाखेला शनिवार-रविवार नव्हता.

पाचला परतले तेव्हा शांतम्मा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी काठी. मी लांबच थांबले.

"आलीस? ये की. तिथं काय उभी ऱ्हायलीस चोरावानी?"

"ट्रंक भरून ठेवलीय मी, शांतम्मा. उतरवते."

"कशाला? येडी का खुळी गं तू!" त्या चक्क हसल्या. सात महिन्यांत मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. "आदीच सांगाया काय झालतं? मी बाप्या समजून काठी घिऊन वर गेले, आन् तिथं निघाली बाई."

"कोण?"

"कोण म्हंजे? तुझी बहीण. दार वाजवलं, तिनं उघडलं."

"कुलूप होतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

"कसलं कुलूप? उघडलं म्हणलं की. बोलत न्हाई वाटतं. मुकी हाय का? असू दे, देवाची मर्जी. पर गुणाची हाय. मी जिना चढून धापा टाकाया लागले तर मुकाट्यानं तांब्या भरून हातात दिला. लई गार पाणी. मी पुरा प्याले."

शांतम्मांनी माझ्या खोलीतलं पाणी कधी घेतलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. नाही म्हटल्या असत्या तर ती खोली मला टोचली असती, म्हणून विचारायचंच टाळलं होतं. आज त्या पुरा तांब्या प्याल्या होत्या. सकाळी थेंबही नसलेल्या माठातला.

"चेहरा बघितला तुम्ही?" मी विचारलं.

"आत उजेड कुठं हाय? पर वळण तुझंच." त्या काठी टेकून उठल्या. "बरं झालं. दोघी बहिणी ऱ्हातेत म्हणल्यावर भावकीचंबी तोंड बंद. उद्यापून चार घागरी न्या. आटंल तवा आटंल आड. आन् आजच्या दोन त्या बघ तिथं, मीच शेंदून ठिवल्या." मग जाता जाता वळल्या. "थोरली का धाकटी गं?"

मला एवढंच म्हणायचं होतं की मला बहीण नाही. मी आईची एकटी आहे. म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मला दिसत होतं. ट्रंक, नांदेडची एसटी, बिलोलीचा फाटा, आणि दारात उभी असलेली आई, काही न विचारता. शांतम्मा उत्तराची वाट बघत होत्या. वर खोलीत, खिडकीपासून निघालेली पावलं मधेच थांबली होती. तिकडंही वाट बघणं चाललं होतं.

"थोरली," मी म्हटलं.

एक घागर कमरेवर घेऊन मी जिना चढले. कुलूप सकाळी लावलं होतं तसंच लागलेलं होतं. पदराच्या गाठीतून किल्ली काढली, कुलपापर्यंत नेली. मग मूठ मिटली, आणि त्याच मुठीनं दार वाजवलं.